सोनबा खालच्या सभागृहात

एका गावात एक भोळा माणूस होता. तसे भोळे गावोगाव असतात, पण त्यांना कुणी खासदार करत नाही. उंबरटेकच्या सोनबाला केलं.

त्याचं झालं असं. तालुक्यात एक अण्णांचा गट आणि एक नानांचा गट. अण्णांचा माणूस उभा केला तर नाना पाडणार. नानांचा केला तर अण्णा पाडणार. शेवटी दोघांनी ठरवलं, ज्याच्याशी भांडताच येत नाही असा माणूस शोधू. सोनबा तेव्हा ओढ्यावर म्हशीला पाणी पाजत होता. त्याला विचारलं, "काय रे, उभा राहतोस का?"

तो म्हणाला, "उभाच हाय की."

झालं. सोनबा निवडून आला.

निघायच्या दिवशी गावाने सत्कार केला. सरपंच भाषणात म्हणाले, "सोनबा, तू जनतेचा कौल घेऊन राजधानीला चालला आहेस. जपून ने." सोनबा व्यासपीठावरून उतरला, देवळाच्या पडवीवर चढला आणि एक कौल काढून पिशवीत घातलं. घरावरचं नाही काढलं. ते जनतेचं कसं होईल?

एस.टी.पर्यंत पोचवायला त्याची बायको हौसा आली. ती मात्र भोळी नव्हती. उंबरटेक आणि शाळा यांच्या मधोमध नदी, आणि नदीवर पूल नाही. पोरं गूळ कढवायच्या भल्यामोठ्या काहिलीत बसून पलीकडे जात. गेल्या पावसाळ्यात काहील उलटली आणि सोनबाच्या लेकीला, सगुणेला, केसाला धरून वर काढावं लागलं. तेव्हापासून काहील पलीकडे लागेपर्यंत हौसाचा जीव काठावर टांगलेला असायचा.

"अवं, ऐकताय न्हवं? पूल घेतल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय ठेवू नगा."

"आन् मागच्या दारानं?" सोनबाने विचारलं.

हौसाने कपाळाला हात लावला आणि गाडी सुटली.

राजधानीतल्या मोठ्या सभेच्या दारात रखवालदाराने सोनबाला अडवलं. "पिशवीत काय आहे?"

"जनतेचं कौल."

रखवालदाराने कौल उलटसुलट करून पाहिलं. "हे आत नेता येत नाही. इथं दाराशी ठेवा."

"समदे हितंच ठेवून जात्यात?"

"सगळे," रखवालदार म्हणाला.

सोनबाने ठेवलं. मग समोर पाहतो तर एक जिना वर जातोय, एक खाली जातोय. अण्णांनी त्याला बजावलं होतं, 'तू खालच्या सभागृहाचा सभासद आहेस.' सोनबा खाली गेला.

खाली मोठं दालन होतं. माणसं ओळीने बसून कांदे चिरत होती आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देशासाठी एवढं रडणारी माणसं पाहून सोनबाला भरून आलं. मधोमध उंच स्टुलावर एक जाडजूड गृहस्थ झारा घेऊन बसले होते. हेच अध्यक्ष. सोनबाने हात जोडले.

"अध्यक्षम्हाराज, आमच्या गावाला पूल पायजे!"

भांड्यांचा खणखणाट चालला होता. आचाऱ्याने कानामागे हात धरला. "पुलाव? दुपारी मिळेल."

"आजच?" सोनबाचा विश्वास बसेना. "आन् केवढा मिळंल?"

"पोटभर."

एवढं उदार सरकार सोनबाने जन्मात पाहिलं नव्हतं. तो तिथेच आनंदाने रडला. कांद्यांमुळे ते सोपं गेलं.

तेवढ्यात त्रिंबकराव सरंजामे धापा टाकत खाली आले. हे सोनबाच्या पक्षाचे प्रतोद. प्रतोद म्हणजे पक्षाची माणसं हाकणारा. कुणी कुठे बसायचं, कधी ओरडायचं, कधी उठून चालू लागायचं, हे तो सांगतो. गुराख्याचंच काम म्हणा ना. फक्त गुराख्याला मंत्री व्हायची आशा नसते.

"अहो सोनबाराव, खालचं सभागृह म्हणजे जिन्याखालचं नव्हे!"

"असं व्हय! मंग आदी सांगायचं न्हाई का?"

"चला वर. आणि एक लक्षात ठेवा. कुणी उभं राहून बोलायला लागलं की बाक वाजवायचं. बस्स, एवढंच. मनाशी खूणगाठ बांधा."

मनाला गाठ कशी मारतात ते सोनबाला ठाऊक नव्हतं. त्याने उपरण्याला मारली.

सभागृहात प्रत्येकाच्या कानाला एक यंत्र होतं. ते लावलं की देशातली कुठलीही भाषा मराठीत ऐकू येई. अर्थ मात्र ज्याचा त्याने लावायचा होता.

अध्यक्ष उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "कळवायला अत्यंत दुःख होतं, की आपले माजी सदस्य केवलरामजी यांचं काल निधन झालं."

धाड! धाड! धाड! सोनबाने बाक बडवलं. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, इतकी शांतता. आणि त्यात सोनबाचं धाड धाड. वर तो "वा!" असंही म्हणाला.

मागच्या बाकावरून त्रिंबकराव पुढे वाकले. "अहो, माणूस गेला!"

"कुटं?"

"वर!"

"वरच्या सभागृहात?"

"मेला हो, मेला!" त्रिंबकराव दातओठ खात कुजबुजले. "कुणी संपल्याचं कानावर आलं की उभं राहायचं. मान खाली, हात बांधलेले, तोंडातून अवाक्षर नाही. कळलं?"

"असं व्हय! मंग आदी सांगायचं न्हाई का?" सोनबाने उपरण्याला दुसरी गाठ मारली.

पुढे प्रश्नोत्तरं सुरू झाली. सोनबाच्या पक्षाचे एक मंत्री उठले. त्यांनी कोट सारखा केला आणि छाती पुढे काढून गर्जना केली, "अध्यक्षमहाराज, मी अभिमानाने सांगतो, आमच्या काळात या देशातला भ्रष्टाचार कायमचा संपला!"

संपला? सोनबा चटकन उभा राहिला. मान खाली, हात बांधलेले, तोंडातून अवाक्षर नाही.

त्याच्या शेजारच्यांचा नुकताच डोळा लागला होता. ते दचकून जागे झाले, सोनबाला पाहिलं आणि उभे राहिले. ते उठले म्हणून मागची रांग उठली. मागची उठली म्हणून पुढची उठली. बघता बघता अख्खा सत्ताधारी पक्ष भ्रष्टाचाराच्या शोकात बुडून गेला. एका पिकल्या केसांच्या खासदाराने तर डोळे पुसले. त्याचे आणि मयताचे फार जुने संबंध होते, असं लोक नंतर म्हणाले. भाषण अर्धवट सोडून मंत्र्यांनीही मान खाली घातली.

विरोधी पक्षनेते गंभीर चेहऱ्याने उठले. "अध्यक्षमहाराज, समोरच्यांच्या घरातलंच माणूस गेलं आहे. आम्ही त्यांच्या दुःखात सहभागी आहोत."

मग जो काही हशा पिकला, तो अध्यक्षांची घंटा वाजून वाजून दमली तरी थांबेना.

त्रिंबकरावांनी सोनबाला बाहेरच्या पडवीत ओढत नेलं. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "अहो, कोण बोलतंय ते बघाल की नाही? आपल्या बाजूचा बोलला की खरं. समोरचा बोलला की खोटं. समोरून कुणी तोंड उघडलं रे उघडलं, की ओरडायचं, 'साफ खोटं!' तो काय बोलतोय ते ऐकायचंसुद्धा नाही."

"ऐकल्याबिगर कसं कळंल खोटं हाय त्ये?"

"मला वीस वर्षं कळतंय!"

"असं व्हय! मंग आदी सांगायचं न्हाई का?" तिसरी गाठ.

दुपारी समोरच्या बाकांवरून मालतीबाई गावंडे उठल्या. सोनबाच्या शेजारच्या मतदारसंघातून त्या निवडून आलेल्या. बाई सरळ मनाच्या. पक्ष कुठलाही असो, पोर ते पोर, असं मानणाऱ्या.

"अध्यक्षमहाराज, उंबरटेक नावाच्या गावाला नदीवर पूल नाही," त्या म्हणाल्या.

"साफ खोटं!" सोनबा ओरडला.

"तिथली मुलं गुळाच्या काहिलीत बसून शाळेला जातात."

"साफ खोटं!"

"गेल्या वर्षी एक मुलगी बुडता बुडता वाचली."

"साफ खोटं! साफ खोटं!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मालतीबाई, उंबरटेकचे सदस्य स्वतःच नाही म्हणतात. म्हणजे तिथे पूल आहे. तशी नोंद करा. बसा आपण."

मालतीबाई बसल्या. सोनबाही बसला. छान ओरडल्याबद्दल शेजाऱ्याने त्याची पाठ थोपटली. आणि मग हळूहळू, विहिरीतून पोहरा वर यावा तसं, सोनबाच्या ध्यानात आलं. उंबरटेक म्हणजे आपलंच. ती मुलगी म्हणजे आपली सगुणा.

त्याचा चेहरा पडला. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आला, ते त्याने स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं. आता देशाच्या दप्तरात उंबरटेकला पूल होता. आणि उंबरटेकला काहीलच होती. बिचाऱ्याला फार, फार वाईट वाटलं. भोळ्यालाही लेक असतेच की.

तेवढ्यात खालचा आचारी ताट घेऊन वर आला. "साहेब, तुमचा पुलाव. पोटभर."

सोनबाने ताटाकडे पाहिलं आणि त्याला हुंदका फुटला. या वेळी कांदा नव्हता.

त्रिंबकराव घाबरले. संध्याकाळी सरकारवर विश्वास आहे की नाही, याचं मतदान होतं. बहुमत अगदी काठावरचं. अशा वेळी आपला एक माणूस पुलावावर अश्रू ढाळत बसलेला परवडणार नव्हता. त्यांनी सोनबाला उचललं आणि थेट पंतप्रधानांपुढे नेऊन उभं केलं.

पंतप्रधान जुन्या संस्थानिकांच्या घराण्यातले. वय झालेलं, गुडघे गेलेले, हातात काठी. पक्षात लहानथोर सगळे त्यांना 'सरकार' म्हणत.

"सरकार," त्रिंबकराव म्हणाले, "यांना गावाला पूल हवा आहे."

"एवढंच ना?" सरकार हसले. "आजचा ठराव जिंकू द्या. रात्रीच्या आत पुलावर सही करतो. शब्द दिला."

सोनबाने त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. सरकारांना तोल सांभाळायला काठी टेकावी लागली.

बाहेर आल्यावर त्रिंबकरावांनी सोनबाचे दोन्ही खांदे धरले. "सोनबाराव, आता नीट ऐका. घंटा वाजली की प्रत्येकाने आपल्या जागेवरचं हिरवं बटण दाबायचं. पण मुद्दा काय? काही झालं तरी सरकार पडता कामा नये. सरकार पडलं, तर तुमचा पूल गेला!"

"मला मगाशीच वाटलं हुतं," सोनबा काळजीने म्हणाला. "गुडघं पार गेल्यात."

"कुणाचे?" त्रिंबकरावांनी विचारलं, पण उत्तराला थांबायला त्यांना सवड नव्हती. "डोळ्यांत तेल घालून बसा. डोळा हलता कामा नये!"

"ह्ये मातर आदी सांगितलंत!" सोनबा खूश झाला. त्याने उपरण्याला सगळ्यात मोठी गाठ मारली.

संध्याकाळ झाली. दारं बंद झाली. सभागृह गच्च भरलेलं. सगळे आपापल्या बटणाकडे बघत होते. सोनबा एकटा सरकारांकडे बघत होता.

घणघण घंटा वाजली. सरकार काठी टेकून बटणाकडे झुकले. गुडघा लटपटला.

"सरकाऽऽर!"

सोनबाने बाकावरून उडी घेतली. दोन मंत्र्यांच्या डोक्यावरून, एकाच्या मांडीवरून तो पुढच्या रांगेत आला आणि त्याने सरकारांना हातांसकट विळखा घातला.

"भिऊ नगा! म्या हाय!"

"अरे सोड!" सरकार ओरडले. "हात सोड माझा!"

"मेलो तरी सोडणार न्हाई!"

"बटण!" त्रिंबकराव मागून नाचत होते. "सोनबाराव, बटण! हिरवं बटण!"

सोनबाने मान वाकडी करून सरकारांच्या कोटावर पाहिलं. "काळी हायेत वो समदी!"

चार मंत्री आपली बटणं सोडून सरकारांना सोडवायला धावले. एकाने सोनबाचा पाय ओढला, एकाने उपरणं ओढलं. "ओढू नगा, पडत्याल ना त्ये!" असं म्हणत सोनबाने सरकारांना सरळ उचलून कडेवर घेतलं. म्हैस वळवणारा गडी तो. चौघांना ऐकतो होय? मग आणखी सहा धावले. त्यांचीही बटणं राहिली. काठी एकीकडे गेली, पगडी दुसरीकडे गेली.

घंटा थांबली.

अध्यक्षांनी आकडे वाचले. समोरच्या बाकांवर दिवाळी उसळली. कागद उडाले, टोप्या उडाल्या, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले.

त्रिंबकराव मटकन खाली बसले. कसेबसे म्हणाले, "पडलं... सोनबा, सरकार पडलं रे!"

सोनबाने कडेवरच्या सरकारांना आणखी घट्ट धरलं आणि खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं.

"कायबी बोलता साहेब! पडतंय कुटं? ह्ये काय, म्या धरलंय न्हवं!" मग त्याने सरकारांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "सरकार, तेवढी पुलावर सही करा. मंग हळूच खाली ठेवतो."