मळक्या पानांचा शेरा

आमच्या शाळेत इंग्रजीची डिक्शनरी एकच. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'पानं मळकी' असा शेरा मारला, म्हणून ती टाकून नवी आणली, ती थेट कपाटात कुलपात गेली.

पुढच्या वर्षी साहेबांनी विचारलं, "दुसऱ्याची पेन्सिल उसनी घेणं म्हणजे बॉरो की लेंड?"

सगळा वर्ग म्हणाला, "लेंड."

"मास्तर, ही मुलं डिक्शनरी बघत नाहीत?"

साळसकर मास्तरांनी कुलूप काढून कोरीकरकरीत डिक्शनरी पुढे ठेवली. "साहेब, गेल्या वर्षी पानं मळली म्हणून शेरा, यंदा शब्द चुकला म्हणून. हात न लावता शब्द कसा शोधायचा, तेवढं शेऱ्यात लिहून द्या."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. त्या दिवसापासून ती डिक्शनरी कुलपाबाहेर आमच्या वर्गातच राहिली.

परवा चाळीस वर्षांनी ती डिक्शनरी चाळली. आमच्या अंगठ्यांनी काळं झालेलं 'बॉरो'चं पान अजून तसंच आहे.