कासवाची पाठ

ओढ्याला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. त्याच्या दोन्ही काठांवर मुंग्यांची वारुळं होती. अलीकडचा काठ उंच, तिथून पूर आधी दिसे. मग तिथल्या मुंग्या म्हाताऱ्या कासवाच्या पाठीवर पाण्याने न जाणारा धोक्याचा वास लावत. एकटीदुकटी घाबरून आली तर कासव जागचं हलत नसे. वीसेक जणींनी वास लावला की मगच ते पलीकडे जाई. पलीकडच्या मुंग्या अंडी उंचावर हलवत आणि पूर ओसरला की कासवाची पाठ लाळेने घासून स्वच्छ करत.

एका पुरात पलीकडची थोडी अंडी वाहून गेली. तिथली म्होरकी मुंगी म्हणाली, “आजोबा, यापुढे पाठ घासायची नाही. वास राहिला तर आम्ही कायम सावध राहू.”

“अगं, मग धोका टळलेला तुम्हाला कळायचा कसा?”

“ते आमचं आम्ही बघू.”

त्यानंतर कासव नुसतं ऊन खायला पलीकडे आलं, तरी मुंग्या अंडी घेऊन उन्हात धावत सुटत. शेवटी कासवाने दगडावर पाठ घासून पाहिली. वास गेला नाही. अंडी केव्हाच वाळून गेली होती, आणि मुंग्या ती रिकामी टरफलं उचलून अजून धावतच होत्या.