घंगाळाच्या काठावरची परी

मोगऱ्याच्या बागेच्या कडेला एक इवलीशी झोपडी होती. परी खरंच असते का, असं कुणी मध्येच विचारायचं नाही हं. विचारलंत तर मी गोष्ट गुंडाळून ठेवीन! तर त्या झोपडीत हौसा राहायची. ती लोकांच्या बागेतल्या कळ्या खुडायची आणि तिचा नवरा त्या बाजारात पोचवायचा. घरात श्रीमंती काय ती एकच, गुलाबी गालांची, चिमुकल्या मुठींची ठकी.

ठकीला रोज शेजारच्या गौळाकाकू न्हाऊ घालायच्या. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, पायांवर बाळ घ्यायचं, तेल चोळायचं आणि कोमट पाणी ओतायचं. ठकी भोकाड पसरायची, आणि हौसा घाबरून डोळे गच्च मिटून घ्यायची. मग झालं काय, काकू गेल्या लेकीच्या बाळंतपणाला, आणि हौसाला न्हाऊ घालायचं काही म्हणजे काही येईना!

"निसटली तर? मान लचकली तर?" म्हणत ती ओल्या फडक्यानं बाळाला वरवर पुसायची. पण गळ्याच्या वळ्यांत दूध साचत गेलं आणि ठकीचा गळा लालेलाल झाला. बाळ सारखं किरकिर करू लागलं. "कसली मेली आई मी!" म्हणून हौसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी झाडाला बांधलेल्या झोळीत झोपली होती. हौसा दारातल्याच हौदाशी पाणी भरायला वाकली. पाण्यात सोनेरी कवडसे नाचत होते आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी गटांगळ्या खात होतं. बघते तर काय, चिमणीएवढी परी! रुपेरी पंख भिजून पाठीला चिकटलेले. हौसानं झटकन ओंजळीत तिला उचललं, तिची मान बोटावर टेकवली आणि पदराच्या टोकानं एकेक पंख अलगद टिपला.

"वाचवलंस गं बाई!" परी किणकिणली. "माग काय हवं ते. पण नियम आहेत हं! तुझ्याजवळ आहे ते मला देता येत नाही. आणि बाळाच्या उपयोगाचं काही काढून घेता येत नाही."

"बाळाला नीट धरतील असे हात दे मला," हौसा म्हणाली.

परीनं छडी फिरवली. ठिणगीसुद्धा उडाली नाही.

"ते आहेत वाटतं तुझ्याजवळ," आपले कोरडे पंख बघत परी म्हणाली.

"मग ही भीती तरी घेऊन जा!"

छडी गप्पच. "अगं वेडे, भीतीच गेली तर पाणी कढत आहे का, ते आधी कोपर बुडवून कोण बघेल?"

हौसाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मग नुसती माझ्याजवळ बसशील? एकटीला धीर होत नाही गं."

आणि काय सांगू! छडीतून निळ्या, केशरी, जांभळ्या ठिणग्यांचं कारंजं उडालं.

हौसानं ठकीला झोळीतून आत आणलं, घंगाळात ऊन पाणी काढलं, आणि परी घंगाळाच्या काठावर पाय हलवत बसली. तिनं हात लावला नाही की काही शिकवलं नाही. हौसानं पाण्यात कोपर बुडवलं आणि थोडं गार पाणी मिसळलं. पाय लांब करून ठकीला पायांवर घेतलं. ठकीनं टाहो फोडला. हौसाचे डोळे मिटू लागले, तशी तिनं काठाकडे पाहिलं. परी तिथंच होती. हौसानं डोळे उघडे ठेवले आणि गळ्याची एकेक वळी हळूच धुतली. एवढ्यात ठकीनं चिर्रकन शू केली, ती थेट परीच्या झग्यावर! दोघी खो खो हसल्या. ठकी रडायची थांबली आणि आईकडे टुकुटुकु बघू लागली.

"बघितलंस, परीताई?" हौसानं मान वळवली. काठ रिकामा होता. घंगाळातल्या पाण्यातून लखलखता उजेड वर आला, सगळ्या झोपडीभर सात रंग सांडले आणि विरून गेले.

रोजच्या न्हाण्यानं ठकीचा गळा पुन्हा गुलाबी झाला. पुढे पलीकडच्या सगुणाला मुलगा झाला. गौळाकाकू अजून परतल्या नव्हत्या. बाळाला पायांवर घेऊन सगुणा डोळे गच्च मिटून बसली होती. हौसा गेली आणि घंगाळाजवळ बसली.

"तूच घाल गं त्याला न्हाऊ," ती म्हणाली, "मी आहे इथं."

सगुणानं आधी एक डोळा उघडला. मग दुसरा.