तीन शिंगांच्या मधली दलदल

एक गोष्ट ऐका, लहानांनो आणि थोरांनो. एका राजाने आपला धुक्याचा डोंगर प्रजेला वनभोजनासाठी मोकळा केला. रान वनपालाकडे दिलं, तळं तळेपालाकडे आणि पायवाट वाटपालाकडे. तिघांच्या हद्दींच्या मधोमध एक दलदल उरली. ती कोणीच मागून घेतली नाही. चिखल कोणाला हवा असतो?

धुकं उतरलं की राखणदाराने शिंग फुंकायचं आणि माणसांनी आवाजाच्या रोखाने यायचं, अशी तिथली रीत. पण तिघे राखणदार एकमेकांचं तोंड पाहत नसत. जो तो आपल्याच चौकीवरून फुंके. दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे तर घरं तीन! दरवर्षी दलदलीच्या काठाला कोणाची तरी वहाण सापडे. वनपाल ती पाही आणि म्हणे, "माझ्या हद्दीत नाही." मग त्याला शांत झोप लागे.

एका दुपारी धुकं उतरलं, तेव्हा त्याची स्वतःची लेक, रेवू, डोंगरावर होती. त्याने शिंग फुंकलं. जवळूनच हाक आली, "आले, बाबा!" त्याचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात तळ्याकडचं शिंग वाजलं, मग वाटेवरचं. पुढचं "आले" लांबून आलं. वनपालाने छाती फुटेस्तोवर फुंकलं. ते दोघेही इरेला पेटले. रेवूचा आवाज तिघांच्या मधे गोल गोल फिरू लागला. मग तिच्या मागोमाग आणखी आवाज उठले, ओले आणि जड. "आलो... आलो..."

ते कोणाचे, हे वनपालाला कळलं. त्यांच्या वहाणा त्याने पाहिल्या होत्या.

शिंग टाकून तो वाटेच्या चौकीकडे धावला. "अरे, थांबव! माझी पोर आहे आत!"

"आधी तो तळेवाला थांबू दे, मग मी," वाटपाल म्हणाला, आणि त्याने शिंग पुन्हा ओठाला लावलं.

धुकं विरलं तेव्हा दलदलीच्या काठाला दोन लहान वहाणा पडल्या होत्या. वनपाल त्या उराशी धरून ओक्साबोक्शी रडला. हद्द कोणाची, हे या वेळी कोणीच विचारलं नाही.

आता त्या डोंगरावर शिंग एकच आहे. ते वाटेच्या तोंडाशी टांगलेलं असतं आणि तिघे आळीपाळीने फुंकतात. त्यानंतर कोणी हरवलं नाही. पण वनपालाची पाळी असली की धुक्यातून, अगदी जवळून, उत्तर येतं, "आले, बाबा!" आणि धुकं सरलं तरी तो फुंकतच राहतो.

तात्पर्य: राखणदार कितीही असोत, वाट चुकलेल्याला हाक एकच ऐकू यायला हवी.