तिसऱ्या दरवाज्याची सतरा मिनिटं

"मग मास्तर, आता तरी कारभार माझ्याकडे सोपवाल ना?"

यशोधनची छाती फुगली होती. धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या प्रणालीचा कोड पाच रिपॉझिटऱ्यांत, म्हणजे कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यांत, विखुरलेला. ऑफिसातले सगळे वर्षानुवर्षं त्याच्या नावानं नुसती बोटं मोडत होते. या गड्यानं दोन दिवसांत पाचांची एक केली.

ही प्रणाली सांभाळणारे हमीद मास्तर याच महिन्यात निवृत्त होणार होते.

"कशा जोडल्यास?" त्यांनी विचारलं.

"जोडत कोण बसतंय? प्रत्येकीतल्या ताज्या फाइली उचलल्या, नवीत टाकल्या. कुणी, कधी, कशासाठी काय बदललं, ते पुराण कुणाला हवंय?"

"आणि जुन्या?"

"पुसल्या. बॅकअपसकट. पसारा नको."

मास्तरांनी समोरची चिठ्ठी उचलली.

"धरणावरून फोन होता," ते म्हणाले. "पाणी चढतंय. इशाऱ्याच्या भोंग्यानंतर बाकीचे दरवाजे दहा मिनिटांनी उघडतात, तिसरा सतरा मिनिटांनी. तोही दहावर आणला तर चालेल का, विचारतायत."

"पण सतराच का?"

"पाटणकरबाईंनी केलं होतं ते."

हा कोड आधी सांभाळणाऱ्या पाटणकरबाई गेल्या माघात वारल्या. बाई मोठी चिकट. एक आकडा बदलला तरी त्या बदलाखाली पानभर कारण लिहायची. यशोधन त्यावर हसायचा.

त्यानं घाईघाईनं कोडमधली ती सतराची ओळ उघडली. बदल करणारा: यशोधन. कारण: 'सगळं एकत्र केलं.'

वरच्या ओळीला तेच. खालच्या ओळीलाही तेच. हजारो ओळी, आणि सगळीकडे त्याचंच नाव. तो मास्तरांकडे वळला.

"तिसऱ्याच्या धारेत कोण येतं, मास्तर? वस्ती आहे का कुणाची? तुम्हाला आठवत असेल..."

"तिनं लिहून ठेवलं होतं. म्हणून मी लक्षात ठेवलं नाही."

फोन वाजला. धरणावरचाच होता.

मास्तरांनी तो उचलला, आणि यशोधनपुढे धरला. यशोधनचा हात काही पुढे होईना.

"काय सांगू त्यांना?" तो कसाबसा म्हणाला.

"त्या ओळीवर नाव तुझं आहे. तूच सांग."