हैबतीची बारावी फेरी

एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. सांगाल ते ऐकायचा, आणि ऐकलेलं विसरायचा नाही. दुखणं काय ते एवढंच होतं.

त्या गावात गुरांच्या डॉक्टरीण सुनंदाबाई अधू कुत्र्यांची छावणी चालवायच्या. वावटळीत छावणीचं छप्पर उडालं. वीस लंगडी कुत्री उन्हात पडली. बघवत नव्हतं.

लोखंडाचे दुकानदार पोपटशेठ म्हणाले, "ज्याने त्याने आपला कुत्रा घेऊन तळ्याला एक फेरी मारावी. दर फेरीला माझा एक पत्रा. बारा फेऱ्या झाल्या की टेंपो छावणीत रिकामा करतो."

छपराला बाराच पत्रे हवे होते. गावातून कुत्रीही बाराच निघाली. बारावा हैबतीचा सरदार.

बायको मंजुळा म्हणाली, "अहो, सरदारला जरा फिरवून आणा. सवय होईल."

हैबतीने सरदारला खांद्यावर घेतलं आणि गावभर फिरवून आणलं.

"अहो, असं नाही! गळ्यात पट्टा घालायचा, दोरी धरायची, पुढं चालायचं. ध्यानात ठेवा."

"ठेवतो की," हैबती म्हणाला. आणि ठेवलं.

फेरीच्या दिवशी सुनंदाबाई म्हणाल्या, "हैबती, पोपटशेठना घेऊन या."

हैबतीने आणलं. भर बाजारातून, गळ्यात पट्टा घालून. शेठ लालबुंद झाले होते. सुनंदाबाईंनी हातापाया पडून त्यांना कसंबसं शांत केलं, हार घातला, जिलबी वाढली.

"अहो हैबती, असं वागतात? हार घालावा, खुर्ची द्यावी, नको म्हटलं तरी आग्रह करून वाढावं. ध्यानात ठेवा."

"ठेवतो की." आणि ठेवलं.

तळ्याकाठी पत्र्यांनी भरलेला टेंपो उभा राहिला आणि फेऱ्या सुरू झाल्या. अकरा कुत्री तळ्याला वळसा घालून आली. राहिला सरदार. तो हार घालून खुर्चीत घोरत होता. पोटात एकोणीस जिलब्या.

"अहो, तो नको तरी म्हणाला का?" सुनंदाबाई रडकुंडीला आल्या.

"एकदाही नाही. तरी केला आग्रह."

"आता ताट काढा, खुर्ची ओढा, काठी आपटा आणि छू म्हणा! त्याशिवाय बसलेला उठायचा नाही. ध्यानात ठेवा!"

"ठेवतो की."

हैबती वळला तोवर सरदार खुर्चीवरून घसरून जमिनीवर पसरला होता. ताटही त्याने चाटून केव्हाच लांब ढकललं होतं. आता ओढायची कुणाची खुर्ची? हैबतीने इकडंतिकडं पाहिलं. समोर पोपटशेठ बसले होते. गळ्यात हार, खाली खुर्ची, पुढं ताट. सगळं सांगितल्यासारखं.

हैबतीने ताट काढलं. खुर्ची ओढली. काठी आपटली आणि जीव खाऊन ओरडला, "छूऽऽ!"

छू म्हटल्यावर अकरा कुत्री उठली. पोपटशेठ धोतर सावरत पुढं, कुत्री मागं. तळ्याला अख्खा वळसा घालून शेठ आले ते थेट टेंपोत चढले. "चल रे, घरी चल!" पत्र्यांसकट टेंपो धुरळा उडवत निघाला.

सुनंदाबाई मटकन खाली बसल्या.

हैबती मात्र आनंदाने टेंपोमागं धावत सुटला. "अहो शेठ, थांबा! पत्रे उतरवायचे राहिले! बारावी फेरी तुम्हीच तर पुरी केलीत!"