पुसलेले गोल

अगं केतकी, फोन ठेवू नकोस, हे आधी ऐक. आत्ता घडलंय.

"गोल कुठं गेले?" आक्का विचारत होती.



थांब, तू चिंचबागेत कधी आलीच नाहीस ना. इथं पालिकेची एक जुनी पाण्याची टाकी होती, कोरडी पडलेली. वस्तीतल्या लोकांनी संस्था काढली, घराघरातून उरलंसुरलं सिमेंट गोळा केलं आणि त्या टाकीचा स्केटपार्क केला. जागा तेवढी पालिकेची, बाकी सगळं आमचं.

आणि मालनआक्का म्हणजे संस्थेची अध्यक्ष. जन्मभर लोकांच्या घरात सिमेंटचा कोबा घोटला तिनं. स्केटबोर्डवर एकदाही उभी राहिलेली नाही. तरी आमची गुरू तीच.

तिचा नियम एकच. जो पडेल त्यानं पडल्या जागी खडूनं गोल मारायचा. रविवारी आक्का त्या गोलात थापीच्या दांड्यानं ठोकून बघणार. पोकळ वाजलं की तेवढं फोडायचं, नवा माल भरायचा, घोटायचं. मगच गोल पुसायचा. त्याआधी नाही म्हणजे नाही.

आणि आज बघतो तर टाकी धुतल्यासारखी लख्ख!

"मी पुसले," शार्दूल म्हणाला. हातात ओलं फडकं.

शार्दूल म्हणजे आमचा हिरो गं. राज्यात दुसरा आलेला. आक्काशीसुद्धा मान वर करून बोलणारा.

"का?"

"आज पालिकेचे साहेब येतायत पाहणीला. परवानगी संपलीय. एवढे गोल बघितले तर कुलूपच घालतील. मग मी सराव कुठं करू? ही पोरं कुठं जातील?"

"आणि गोलांच्या जागा?"

"सगळ्या पाठ आहेत मला."

आक्कानं पिशवीतून खडू काढून त्याच्यापुढं धरला. "मार."

शार्दूल हसला. टाकीत उतरला आणि पटापट गोल मारत सुटला. नऊ झाले… मग थांबला. इकडं बघ, तिकडं बघ. उगाच खडू झटकला.

"झाले?"

"झाले बहुतेक."

"सत्तावीस होते."

"मग आठवत नाहीत, आक्का."

"हे नऊ तुझे," आक्का म्हणाली. "तू पडलास ते. बाकीची पडली तेव्हा कुठं होतास?"

शप्पथ सांगते, त्याचा चेहरा बघवेना.

आक्कानं चपला काढल्या, साडी खोचली आणि स्वतः उतरली. थापीच्या दांड्यानं ठोकत, कान लावत निघाली. टक्… टक्… टुब. गोल. टक्… टुब. गोल. आम्ही सगळे काठावर उभे.

आणि नेमके तेवढ्यात साहेब आले! मागं शिपाई, शिपायाच्या हातात साखळी आणि कुलूप. म्हणजे घरूनच ठरवून आलेले, बोल.

"हे काय चाललंय, बाई?"

"पोरं पडली त्या जागा."

"म्हणजे धोका आहे हे तुम्हीच लिहून दाखवताय?"

"धोका आहेच. कुठं आहे, ते दाखवतेय."

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. आवाज खाली आणला. "हे बघा, मला तुमच्याशी वैर नाही. एवढं पुसून टाका. मी कागदावर लिहितो, सगळं ठीक आहे. तुम्ही सुटलात, मी सुटलो."

केतकी, सगळ्यांच्या नजरा त्या फडक्यावर! एक हात फिरवायचा, बस्. पार्क आमचा. मी तर मनात म्हणत होते, आक्का, घे गं घे.

"शार्दूल, फडकं दे."

शार्दूलनं धावत जाऊन दिलं. एवढा खूश!

आक्कानं फडक्याची घडी घातली. गुडघ्याखाली ठेवली. आणि त्यावर टेकून पुढचा गोल मारला.

…

साहेब लालबुंद. "बाहेर या सगळे. कुलूप लावतोय."

"लावा."

"तुम्ही आत आहात, बाई!"

"मग काय झालं? काम आतच आहे."

कुणी हललं नाही. सातवीतली ती रुबिना पण नाही, जिला घरून फोनवर फोन येत होते. आवाराची भिंत साडेचार फुटांची आहे, उडी मारली की बाहेर, ते सोड. पण कुणी हललं नाही.

मग साहेबांनी शार्दूलला गाठलं. "तू तो राज्याचा खेळाडू ना? तू कशाला यांच्यात? चल, क्रीडा संकुलात तुझी सोय लावतो. उद्यापासून ये."

शार्दूलनं बोर्ड उचलला. दारापर्यंत गेला. एक पाय बाहेर…

आक्कानं मान वरसुद्धा केली नाही. टक्… टक्… टुब.

दोन महिन्यांवर स्पर्धा आहे गं त्याची. दोन महिने!

तो तसाच उभा. मग पाय आत घेतला. दार स्वतःच ओढून लावलं आणि साहेबांना म्हणाला, "लावा कुलूप."

शिपायानं साखळी घातली. खट्. गाडी गेली. मी आतूनच बोलतेय तुझ्याशी!

शार्दूल टाकीत उतरला. आक्कासमोर उकिडवा बसला. "आक्का, परवानगी गेली. आता काय करायचं?"

आक्का शेवटचा गोल मारत होती. तो पुरा केला, खडूचे हात साडीला पुसले आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट दाखवलं.

"वाळू चाळ."

आता खरं सांग केतकी, तू असतीस तर दाराच्या कुठल्या बाजूला राहिली असतीस?